टेसमरचा हात

"पुढच्या वर्षी मी ही खुर्ची घेत नाहीये," मार्लीन म्हणाली आणि शेंगेचं टरफल तिनं पायाशी टाकलं. राष्ट्रगीत नुकतंच संपलं होतं, टोपी अजून माझ्या हातातच होती. मैदानाच्या मधल्या उंचवट्यावर आमचा पिचर टेसमर हात गरम करायला चेंडू टाकत होता, आणि आमच्या ओळीतले सगळेजण नेहमीसारखे त्याच्या कोपराकडे बघत होते. म्हणजे तिनं हे अगदी हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं. मी टोपी डोक्यावर घातली, काढली, परत घातली. काहीतरी बोलायला हवं होतं. "का?" एवढंच आलं तोंडातून. "का म्हणजे काय," ती म्हणाली, "तो बघ ना समोर." आणि तिनं हनुवटीनं टेसमर दाखवला.

आता टेसमरचं काय सांगावं! चार उन्हाळ्यांपूर्वी त्याला आणला तेव्हा अख्ख्या क्लीव्हलंडनं त्याला डोक्यावर घेतलं होतं. आमच्या मालकानं आयुष्यात पहिल्यांदा खिसा सैल सोडला, आणि तो असा सैल सोडला, की त्या एका उजव्या हातापायी बाकीच्या संघासाठी परवडणारी पोरंसोरंच तेवढी उरली. पहिल्याच वसंतात खांदा आखडला. मग कोपराचं ऑपरेशन झालं, आणि वर्षभर आम्ही त्याला नुसता कठड्याला टेकून सूर्यफुलाच्या बिया चघळताना पाहिला. परत आला तो मांडी धरूनच. एकदा बोटाला फोड आला. एकदा तर म्हणे कुत्र्याला गाडीतून उतरवताना पाठीत लचक भरली, आणि कुत्रा तो केवढा, मांजराएवढा! वर्तमानपत्रात त्या कुत्र्याचा फोटोसुद्धा छापून आला. आमच्या मागच्या रांगेत ऑर्व्हिल बसतो, निवृत्त पोस्टमन, चाळीस हिवाळे बर्फातून टपाल वाटलेला माणूस. तो म्हणाला होता, "मला कुत्रे चावले, पण मी कधी सुट्टी नाही घेतली." तेव्हापासून आमच्या ओळीत टेसमरचं नाव 'बरणी' पडलं. फळीवर ठेवायची, लांबून बघायची, हात लावायचा नाही. बरणी आज खेळणार का? बरणी कुठं तडकली? हिवाळ्यात लोकांच्या तळघरात बॉयलर दुरुस्त करायला खाली आडवा पडून मी नटबोल्ट आवळत असतो, तेव्हाही गिऱ्हाईक जिन्यावर उभं राहून हेच विचारतं, आणि मग आम्ही दोघं मिळून टेसमरला मनसोक्त शिव्या घालतो, तोपर्यंत बॉयलर पेटतो.

पण शिव्या घालण्यात मार्लीनचा हात धरणारं कुणी नाही. ती दिवसभर दातांच्या डॉक्टरकडे फोन घेते, गोड आवाजात वेळा देते, आणि तो सगळा गोडवा संपला की इथं येते. तिच्या तोंडचं एकेक ऐकून मी आतल्या आत इतका हसतो, की बरगड्या दुखतात. घरी ती अशी बोलत नसे. घरी मीही काही बोलत नसे. आमचं लग्न मोडलं त्यात भांडण असं काही झालंच नाही. पोरगी शिकायला गेली, आणि घरात दोन माणसं उरली. एक वरच्या मजल्यावर रेडिओ ऐकणारं, एक तळघरात हत्यारं पुसत बसणारं. जेवताना मीठ दे, मीठ घे. एक दिवस ती म्हणाली, "लुड, मला इथं फार शांत वाटतं, आणि मला ते सोसवत नाही." मी म्हणालो, "बरं." खरंच, एवढंच म्हणालो. त्यानंतर घर तिला, व्हॅन मला, असं सगळं वाटून झालं आणि वकिलीणबाई हंगामभरासाठी घेतलेल्या या दोन खुर्च्यांपाशी येऊन अडल्या. तिसऱ्या बेसच्या बाजूच्या, कठड्यापासून बाराव्या रांगेतल्या, पाठीशी ऊन येणाऱ्या. बाई म्हणाल्या, एकानं दोन्ही घ्या. मार्लीन म्हणाली, मी का सोडू? मी म्हणालो, मी तरी का सोडू? मग एकेक नावावर झाली. लोक हसले. वेगळे झालेले नवराबायको उन्हाळाभर मांडीला मांडी लावून बसतात म्हणजे काय! पहिले काही आठवडे आम्ही सरळ समोर बघत होतो. आणि मग टेसमर आला, त्याचा खांदा आखडला, आणि मार्लीन माझ्याकडे वळून म्हणाली, "बघितलंस का हे सोंग?" तेव्हापासून आम्ही बोलतोय. लग्नात बोललो नसू इतकं त्या माणसाच्या हाडांवर आणि स्नायूंवर बोललो.

खुर्ची सोडण्यामागचं कारण निघालं ते तिसऱ्या इनिंगमध्ये: ती टक्सनला राहायला जाणार होती. तिची बहीण व्हेरा तिकडे वाळवंटात राहते, तिनं नवं घर घेतलंय, एक खोली मोकळी आहे, बर्फ नाही, सरोवरावरचं ते हाडं फोडणारं वारं नाही. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी जायचं ठरतंय. "ठरतंय की ठरलंय?" मी विचारलं. "ठरल्यातच जमा," ती म्हणाली. "इथं काय राहिलंय माझं? पोरगी सिॲटलला. आणि हा असा संघ. सगळा पैसा त्या बरणीच्या हातात घातलाय, पुढची कित्येक वर्षं काही होणार नाही इथं." तेवढ्यात टेसमरनं एकाला तीन चेंडूंत घरी पाठवलं, आणि ती टाळी न वाजवता म्हणाली, "बघ, आता हा उद्या म्हणेल, पापणी लवली नि डोळा दुखावला." मी हसलो. हसायला नको होतं. तिनं काही क्षण माझ्याकडे पाहिलं. मी काही म्हणेन असं तिला वाटलं असावं. मी म्हणालो, "बरं." तिनं पायाशी ठेवलेला लिंबाच्या सरबताचा गार ग्लास उचलला आणि विषय तिथंच राहिला.

काय बरं? काय बरं आहे यात, गाढवा? मी मनात स्वतःला असा झाडत होतो, आणि वर ऊन पडलं होतं, जूनचं, अजून न भाजणारं. सरोवराकडून वारा येत होता. हातातल्या सॉसेजवर मोहरीची तपकिरी चटणी जरा जास्तच पडली होती, ती नाकात गेली, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कशाचं पाणी याची चौकशी करावी लागली नाही. खरं सांगायचं तर मी सुखी माणूस आहे. लोकांना वाटतं, एकटा राहतो, बॉयलर दुरुस्त करतो, भाड्याच्या दोन खोल्या, बिचारा. बिचारा कसला! उन्हाळ्यात कुणाचा बॉयलर बिघडत नाही. मी उठतो, कॉफी पितो, आज मॅच आहे हे आठवतं, आणि दिवसभर अंगात एक ऊब असते. ही ऊब कशाची, हे मी आजवर कधी उकलून बघितलं नव्हतं. बेसबॉलची असेल असं धरून चाललो होतो. बेसबॉलची म्हणावी तर आम्ही सतत हरतो. आता शेजारच्या खुर्चीत कुणी भलताच येणार, पोटावर मक्याच्या लाह्या सांडणारा, टेसमर कोण ते न कळणारा, किंवा त्याहून वाईट, टेसमरची बाजू घेणारा. आणि माझ्या डाव्या कोपराला तिचं कोपर लागणार नाही. लागतं ते. खुर्च्या अरुंद आहेत. मांडणारानं अरुंद मांडल्या त्याचं भलं होवो, मी त्याला आजवर शिव्याच दिल्या.

असा मी कुठंतरी वाहवत गेलो होतो, आणि भानावर आलो तो मैदान गप्प झाल्यामुळे. कधीकधी घरात घड्याळ बंद पडलं की जाग येते ना, तसं. पाचवी इनिंग संपत होती. समोरच्या पाटीवर पाहुण्यांच्या नावापुढं हिटच्या चौकोनात शून्य होतं. एकही नाही. एक जण चार वाईड चेंडूंवर फुकटात पहिल्या बेसवर गेला होता तेवढाच, बाकी टेसमरनं कुणाच्या बॅटीतून चेंडू मोकळ्या जागेत जाऊ दिला नव्हता. आता यापुढं काय करायचं ते आमच्याकडे पोरासोरांनाही शिकवावं लागत नाही. नऊच्या नऊ इनिंग असं जमलं तर त्याला जे म्हणतात तो शब्द उच्चारायचा नाही. पाटीकडे बोट करायचं नाही. पिचरशी त्याच्या संघातलंही कुणी बोलत नाही, बाकावर तो एकटा बसतो, सुतकात बसावा तसा. आणि बघणारांनी, जे करत होते तेच करत राहायचं. ज्या पायावर पाय होता तो तसाच ठेवायचा. जागा बदलायची नाही, लघवीला जायचं नाही. एका वर्षी केस्लर नावाच्या माणसानं आमच्या ओळीत तो शब्द मोठ्यानं म्हटला आणि पुढच्याच चेंडूला हिट बसली. केस्लर आता पार पलीकडे उजव्या कुंपणापाशी बसतो, आणि तो येताना दिसला की आमच्यातले काही अजूनही तोंड फिरवतात.

मी हळूच मान न वळवता मार्लीनकडे पाहिलं. तिलाही कळलं होतं. सरबताचा ग्लास तिनं ओठापाशी तसाच धरला होता. आणि मग दोघांच्याही एकदमच लक्षात आलं, की आम्ही काय करत होतो. आम्ही टेसमरला शिव्या देत होतो. तेव्हा त्याच देत राहायला हव्या होत्या.

"बरणी," ती पुटपुटली.

"भिकार बरणी," मी म्हणालो.

"उभा कसा राहिलाय बघ. कण्हत असेल आतून."

"उद्या कानाचं दुखणं निघेल."

"कानाचं? कान लागतो कशाला याला? ऐकतो कुणाचं?"

"चालू ठेवा," मागून ऑर्व्हिल दबक्या आवाजात म्हणाला. त्याच्या डाव्या मुठीत केव्हापासून एक शेंग होती, ती फोडायची त्याची छाती नव्हती. "मिस मार्लीन, जरा वाईट बोला. तुम्ही नरम पडलात."

सहावी गेली, तीही शून्य. मार्लीननं त्याच्या दाढीवर घेतलं, त्याच्या बायकोच्या टोपीवर घेतलं, तो कुत्रा परत काढला. ती बोलत होती आणि तिच्या गालांवर लाली चढत होती, आणि मी ऐकत होतो, आणि बोटांवर उरलेले बॅटर मोजत होतो. कारण माझ्या ध्यानात आलं होतं, की टक्सनचं बोलणं आम्ही तिसऱ्या इनिंगमध्येच सोडून दिलं होतं, ते आता काढता येत नव्हतं. नवं काही सुरू करायचं नाही, हा कायदा. मॅच संपेपर्यंत मी गप्प बसायचं, आणि मॅच संपली की ती नेहमीसारखी गर्दीआधी निघून ट्रामचा रस्ता धरणार, "पुढच्या रविवारी," म्हणणार. आणि पुढच्या रविवारी ठरल्यातच जमाचं ठरलं झालेलं असणार. मला वाटलं, हे बरंच आहे. कायद्यानंच माझं तोंड बांधलंय, माझा काय दोष! आणि लगेच वाटलं, अरे, पण तू तर असाच बसतोस. कायदा नव्हता तेव्हाही असाच बसत होतास. स्वयंपाकघरात ती सिंकपाशी उभी होती, पाठमोरी, नळ चालू होता, शांत वाटतं म्हणाली होती. तिथं कुठं मॅच चालू होती? कुणाची हिट बसणार होती तिथं? सातव्या इनिंगच्या मध्यावर उठून अंग मोकळं करायचं आणि सगळ्यांनी मिळून गायचं ही रीत, तेव्हा सगळं मैदान उभं राहिलं. आम्हीही उभे राहिलो, गायलो, कारण ते दरवेळचंच. तिचा आवाज वरच्या पट्टीत फाटतो, तो फाटला. मला इतकं छान वाटलं आणि इतकं वाईट वाटलं, की शब्द विसरून मी नुसतंच तोंड हलवलं.

आठवीत एक बाद झाला. मग टेसमरनं एक चेंडू टाकला, आणि टाकल्यावर हात झटकला. झटकला म्हणजे मनगटापासून, ओला हात झटकावा तसा. एवढ्या माणसांनी एकदम श्वास आत घेतला तो आवाज मी कधी विसरणार नाही. "नको रे, नको रे बाबा," कुणीतरी म्हणालं. बाकावरून मॅनेजर आणि मलमपट्टीची पेटी घेतलेला माणूस, दोघं धावत निघाले. आणि मार्लीननं माझा हात धरला. तिची बोटं सरबताच्या ग्लासानं गार पडलेली होती. ती माझ्या मनगटावरून वर सरकली आणि कोपराखाली घट्ट रुतली. "मोडला," ती म्हणाली. "मोडला गं बाई हा परत." त्यात शिवी नव्हती. उंचवट्यावर टेसमर मान हलवत होता. नाही, नाही, जा तुम्ही. त्यानं मुठी वळून दाखवल्या, बोटं पसरून दाखवली, त्या पेटीवाल्याला चक्क खांद्याला धरून उलटा फिरवला. मॅनेजर थोडा वेळ त्याच्याकडे बघत उभा राहिला आणि परतला. लोकांनी अशी आरोळी दिली, की कठडा थरथरला. मार्लीननं हात काढला नाही. ती विसरली असावी. मी पाहिलं, तिच्या डोळ्यांत पाणी होतं, त्या बरणीसाठी, जिला चार वर्षं ती मेली म्हणत होती. टेसमर मागं झुकला, पाय उचलला, आणि माझ्या तोंडून बाहेर पडलं. ठरवून नाही. कसं पडलं मला सांगता येणार नाही.

"टक्सनला जाऊ नकोस, मार्लीन. मला तू इथं हवीस. माझ्याजवळ."

आणि तेही हळू नाही. एवढी वर्षं साठलेलं हळू कुठून निघणार!

टक्, असा आवाज झाला. जोराचा मारही नव्हता तो. बॅटीच्या बुंध्याला लागून चेंडू गडगडत निघाला, टेसमरच्या पायाशेजारून गेला, आमच्या दोन क्षेत्ररक्षकांच्या मधोमध गवतात शिरला, आणि बॅटर पहिल्या बेसवर पोचला. पाटीवर एक चढला. सगळ्या मैदानातून एक लांब, थकलेला आवाज निघाला, आणि मग माणसं उठून टेसमरसाठी टाळ्या वाजवू लागली. आमची ओळ सोडून. आमच्या ओळीतले आणि पुढच्या-मागच्या रांगांतले लोक वळून माझ्याकडे बघत होते.

"तू बोललास," ऑर्व्हिल म्हणाला. त्यानं मूठ उघडली, शेंगेचा भुगा झाला होता. "लुड, तू आत्ता नवीन विषय काढलास."

"काढला," मी म्हणालो.

"सात इनिंग! सात इनिंग मी मुतायला गेलो नाही!"

"माफ कर, ऑर्व्हिल."

मार्लीनचा हात केव्हाच सुटला होता. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. "आत्ता?" ती म्हणाली. "लग्नात तोंडातून शब्द काढला नाहीस. वकिलीणबाईंसमोर काढला नाहीस. आज तिसऱ्या इनिंगमध्ये मी तोंडाकडे बघत बसले तुझ्या, तेव्हा म्हणालास बरं. आणि आत्ता? त्यानं आयुष्यात एकदा काहीतरी नीट करायला घेतलं, तेव्हा?"

"थांबवेना मला," मी म्हणालो. "संपल्यावर तू गेली असतीस."

ऑर्व्हिल दोन खुर्च्यांच्या मधून पुढं वाकला, त्याच्या कोटाला शेंगांचा वास येत होता. "मिस मार्लीन," तो म्हणाला, "हे बघा, गेलं ते गेलं. पण आता तुम्ही नाही म्हणालात, तर ते उगाच गेलं. आम्हां सगळ्यांचं नुकसान आहे त्यात. जरा विचार करा." पुढच्या रांगेतली बाई म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायला हवं होतं. पण खरं सांगतो, काही वाटत नव्हतं, नुसतं हलकं वाटत होतं. वाऱ्यानं गळा गार पडला होता, आणि ती नाही म्हणाली असती तरी ते बोललेलं बोललेलंच राहिलं असतं.

टेसमरनं पुढचा चेंडू टाकला, तो जमिनीलगत गेला, आणि आमच्या पोरांनी एकाच फटक्यात दोघांना बाद केलं. इनिंग संपली. टेसमर उंचवट्यावरून उतरला, दोन्ही हात हलवत, घाईत नसलेला माणूस बाजारातून यावा तसा. मार्लीन त्याच्याकडे तो बाकावर टेकेपर्यंत बघत राहिली.

"हात शाबूत आहे त्याचा," ती म्हणाली.

"दिसतोय तर."

"म्हणजे पुढच्या वर्षी असणार हा."

"असणारच. करार आहे."

"आणि मोडणार परत."

"मोडेल की. एप्रिलातच मोडेल."

तिनं नाक पुसलं. "मग तेव्हा इथं कोण बोलणार त्याला? तू? तू तर पाच वर्षांतून एकदा तोंड उघडतोस, तेही नको तेव्हा." तिनं ग्लासातलं उरलेलं सरबत एका घोटात संपवलं. "व्हेराला आज फोन करते. खोली भाड्यानं दे म्हणते."

मला बरं मुळीच म्हणायचं नव्हतं, म्हणून मी तिचा हात धरला. तिनं धरू दिला.

"म्हणजे हे हो समजायचं का?" मागून ऑर्व्हिलनं विचारलं.

"ऑर्व्हिल," ती मान न वळवता म्हणाली, "तुम्ही आधी जाऊन या बघू."

तो उठला, आणि त्याच्यामागं आमची अख्खी ओळ उठली. आम्ही दोघंच बसून राहिलो.